न मोजलेला ऑक्सिजन: ज्वलनाच्या आकड्यांवरून संयुगाचे साधे सूत्र काढण्याची रीत

रावेर-सावद्याकडे केळी पिकवण्याच्या वखारीचे दार उघडले की जो गोडसर, किंचित झोंबणारा वास अंगावर येतो, त्यात आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाच्या एस्टरचा मोठा वाटा असतो. हेच संयुग प्रयोगशाळेत आयसोअमाइल अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्ल यांच्यापासून तयार करता येते, आणि त्याच्या बाटलीवर सूत्र छापलेले असते: सी७एच१४ओ२. हे सात, चौदा आणि दोन कोणी आणि कसे ठरवले, हा प्रश्न बारावीपर्यंत सूत्रे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा पडत नाही, कारण सूत्र त्याच्या हाती तयारच येते. पदवीच्या पहिल्या वर्षात मात्र उलट काम करावे लागते. संयुग जाळल्यावर किती कार्बन डायऑक्साइड आणि किती पाणी मिळाले एवढेच सांगितले जाते आणि सूत्र आपल्याला काढायचे असते. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतील महाविद्यालयांत जे विद्यार्थी हे काम प्रथमच करत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

लेखात कार्बनसाठी सी, हायड्रोजनसाठी एच, ऑक्सिजनसाठी ओ आणि नायट्रोजनसाठी एन ही अक्षरे वापरली आहेत. अक्षरानंतरचा अंक त्या मूलद्रव्याच्या अणूंची संख्या दाखवतो आणि अंक नसेल तर तो एक समजावा. अणुवस्तुमाने पुढीलप्रमाणे घेतली आहेत: कार्बन १२.०११, हायड्रोजन १.००८, ऑक्सिजन १५.९९९, नायट्रोजन १४.००७. यांवरून कार्बन डायऑक्साइडचे रेणुवस्तुमान ४४.००९ आणि पाण्याचे १८.०१५ येते.

साधे सूत्र काय सांगते

कळण्याच्या भाकरीचे पीठ दळताना चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद असे काहीसे प्रमाण ठेवतात; ते घरोघरी थोडे बदलते. दळलेल्या पिठाची परीक्षा करून हे चारास एक प्रमाण कोणी शोधून काढले, तरी त्या पिठाच्या किती भाकरी झाल्या हे त्याला त्यावरून सांगता येणार नाही. एम्पिरिकल सूत्र, म्हणजे साधे गुणोत्तर-सूत्र, एवढेच सांगते: संयुगातील निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या अणूंचे सर्वांत लहान पूर्णांकांतील प्रमाण. एका रेणूत प्रत्यक्ष किती अणू आहेत हे रेणुसूत्र सांगते, आणि ते काढायला आणखी एक माहिती लागते, ती म्हणजे रेणुवस्तुमान.

ताकातील लॅक्टिक आम्ल सी३एच६ओ३ आहे, व्हिनेगरमधील अ‍ॅसेटिक आम्ल सी२एच४ओ२ आहे आणि ग्लुकोज सी६एच१२ओ६ आहे. या तिन्हींचे साधे सूत्र एकच आहे, सीएच२ओ. तिन्ही शुद्ध पदार्थांचे सारख्याच वजनाचे नमुने जाळले तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी दोन्ही तंतोतंत सारखे मिळेल. ज्वलनाचे आकडे या तिघांना एकमेकांपासून वेगळे करू शकत नाहीत, ही मर्यादा सुरुवातीलाच लक्षात घेतली म्हणजे पुढे चुकीची अपेक्षा राहत नाही.

नळीत काय घडते

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने अल्कोहोल आणि तेले ऑक्सिजनमध्ये जाळून त्यांतील घटक मोजण्याचा प्रयत्न केला. मात्र ही रीत सहज, भरवशाची आणि कोणालाही शिकता येईल अशी झाली ती १८३१ मध्ये, जेव्हा जर्मनीतील गीसेन येथे युस्टुस लीबिगने पाच फुगे असलेले काचेचे उपकरण वापरात आणले. त्या फुग्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असे आणि ज्वलनातून आलेला कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जाई. उपकरणाचे वजन आधी आणि नंतर घेतले की वाढलेले वजन म्हणजे मिळालेला कार्बन डायऑक्साइड. वायूचे आकारमान मोजण्याची जुनी कटकट लीबिगने वजनावर आणून ठेवली, आणि तराजू हे रसायनशास्त्रज्ञाचे सर्वांत विश्वासू साधन असल्यामुळे रीत टिकली.

मूळ मांडणी समजून घेणे अजूनही आवश्यक आहे, कारण गणितातील प्रत्येक पायरी तिच्यातूनच आलेली आहे. वजन केलेला नमुना एका नळीत ठेवतात. त्यावरून कोरडा, शुद्ध ऑक्सिजन सोडतात आणि नळी तापवतात. पुढे तापलेले कॉपर ऑक्साइड असते; अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झाला असेल तर तो येथे पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड होतो. त्यानंतर वायू दोन शोषक नळ्यांतून जातात. पहिलीत निर्जल कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम परक्लोरेट असते आणि ती फक्त पाणी शोषते; दुसरीत सोडा लाइम असते आणि ती कार्बन डायऑक्साइड शोषते.

या दोन नळ्यांचा क्रम उलटा का चालत नाही, हे विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारून पाहावे. सोडा लाइम पाणीही शोषून घेते. ती आधी ठेवली तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही तिच्यातच अडकतील आणि एकाच वजनवाढीतून दोन उत्तरे काढण्याची वेळ येईल. आणखी एक बारकावा असा की, सोडा लाइममधील सोडियम हायड्रॉक्साइडने कार्बन डायऑक्साइड शोषला की त्या अभिक्रियेत पाणी तयार होते. ते बाहेर निसटले तर नळीचे वजन कमी भरेल, म्हणून त्याच नळीच्या शेवटच्या टोकाला पुन्हा थोडे शुष्ककारक भरलेले असते.

फ्रिट्झ प्रेग्लने हीच रीत काही मिलिग्रॅम नमुन्यावर आणून दाखवली आणि त्यासाठी त्याला १९२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या यंत्रात दोन-तीन मिलिग्रॅम नमुना कथिलाच्या बारीक डबीत बंद करून सुमारे ९५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ऑक्सिजनमध्ये जाळतात, तयार झालेले वायू हीलियमच्या प्रवाहात एकमेकांपासून वेगळे करतात आणि त्यांच्या उष्णतावाहकतेवरून मोजतात. पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा या यंत्राचा कागदच येतो, त्यावर कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचे टक्के असतात. ऑक्सिजनचा रकाना मात्र सहसा नसतो.

तो का नसतो, हेच या सगळ्या गणिताचे मर्म आहे. नमुना ऑक्सिजनमध्येच जाळलेला असतो. मिळालेल्या पाण्यातील आणि कार्बन डायऑक्साइडमधील ऑक्सिजन काही नमुन्यातून आला आणि काही बाहेरून सोडलेल्या वायूतून आला. त्यांच्यात फरक करायला कोणतीही खूण नसते. म्हणून या रीतीत नमुन्यातील ऑक्सिजन थेट मोजला जात नाही. इतर सर्व घटकांचे वजन नमुन्याच्या वजनातून वजा करून जे उरते, ते ऑक्सिजन समजले जाते.

आकडेमोड, केळीच्या वासावर

समजा, कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढीच मूलद्रव्ये असलेल्या एका सुगंधी द्रवाचे ०.२५०० ग्रॅम घेतले आणि त्यापासून ०.५९१० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ०.२४२५ ग्रॅम पाणी मिळाले.

पहिली पायरी कार्बनची आहे. नमुन्यातील सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइडमध्ये गेला आणि त्या वायूतील सगळा कार्बन नमुन्यातूनच आला, म्हणून ४४.००९ भागांतील १२.०११ भाग घ्यायचे.

०.५९१० × १२.०११ ÷ ४४.००९ = ०.१६१३० ग्रॅम कार्बन

दुसरी पायरी हायड्रोजनची. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात, म्हणून १८.०१५ भागांतील २.०१६ भाग घ्यायचे. नवशिक्यांच्या वह्यांत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे की येथे १.००८ घेतले जाते. मग हायड्रोजन निम्मा होतो आणि उरलेले वजन गुपचूप ऑक्सिजनमध्ये जाऊन बसते.

०.२४२५ × २.०१६ ÷ १८.०१५ = ०.०२७१४ ग्रॅम हायड्रोजन

तिसरी पायरी वजाबाकीची.

०.२५०० − ०.१६१३० − ०.०२७१४ = ०.०६१५६ ग्रॅम ऑक्सिजन

येथपर्यंतचे आकडे टक्क्यांत मांडले तर कार्बन ६४.५२, हायड्रोजन १०.८६ आणि ऑक्सिजन २४.६२ टक्के येतो. हे टक्के वहीत बाजूला लिहून ठेवावेत. शेवटी पडताळणीसाठी तेच लागतात.

चौथ्या पायरीत वजनांचे रूपांतर मोलमध्ये, म्हणजे अणूंची संख्या मोजण्याच्या एककात, करायचे. वजनांचे गुणोत्तर आणि अणूंचे गुणोत्तर या वेगळ्या गोष्टी आहेत, कारण कार्बनचा एक अणू हायड्रोजनच्या जवळजवळ बारा अणूंइतका जड आहे. प्रत्येक वजनाला त्याच्या अणुवस्तुमानाने भागावे.

कार्बन: ०.१६१३० ÷ १२.०११ = ०.०१३४३ मोल
हायड्रोजन: ०.०२७१४ ÷ १.००८ = ०.०२६९२ मोल
ऑक्सिजन: ०.०६१५६ ÷ १५.९९९ = ०.००३८४८ मोल

पाचव्या पायरीत तिन्हींना सर्वांत लहान आकड्याने, म्हणजे येथे ऑक्सिजनच्या ०.००३८४८ ने भागावे. कार्बन ३.४९, हायड्रोजन ७.०० आणि ऑक्सिजन १ असे प्रमाण मिळते.

येथे हात थांबवणे फार महत्त्वाचे आहे. पहिल्या वर्षी माझ्या वहीत या ३.४९ च्या जागी ३ लिहिले गेले होते, आणि त्या एका घाईने सूत्र सी३एच७ओ झाले. गुणाकार-भागाकार सगळे बरोबर होते, तरी उत्तर पूर्ण चुकीचे होते, आणि चूक कुठे झाली हे कळायला मला बराच वेळ लागला. ३.४९ हा तीनच्या जवळचा आकडा नाही आणि चारच्याही जवळचा नाही. तो साडेतीन आहे. अणू अर्धा नसतो, म्हणून सर्व आकड्यांना दोनने गुणावे: ६.९८, १३.९९ आणि २. आता तिन्ही आकडे पूर्णांकांना अगदी चिकटून आहेत आणि सूत्र सी७एच१४ओ२ असे निघते.

सहावी पायरी उलट तपासणीची आहे आणि ती कधीही गाळू नये. सी७एच१४ओ२ चे वस्तुमान १३०.१९ येते आणि त्यावरून कार्बन ६४.५८, हायड्रोजन १०.८४ टक्के असायला हवा. आपले मोजलेले आकडे ६४.५२ आणि १०.८६ होते. ०.४ टक्क्यांपर्यंतचा फरक संशोधन-नियतकालिकांत परंपरेने चालवून घेतला जातो. येथे तो त्याहून कितीतरी कमी आहे. माझ्या चुकलेल्या सी३एच७ओ मध्ये कार्बन ६०.९८ टक्केच येतो, म्हणजे ही तपासणी मी केली असती तर चूक तिथेच पकडली गेली असती. शिवाय, फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असलेल्या स्थिर संयुगाच्या रेणूत हायड्रोजनचे अणू सम संख्येतच असतात, त्यामुळे एच७ असलेले सूत्र निदान रेणुसूत्र तरी असू शकत नाही, हेही लक्षात यायला हवे होते.

पूर्णांक करताना

भागाकारानंतर येणारा अपूर्णांक ओळखायची सवय लावावी. दशांशानंतर .५ च्या जवळचा आकडा आला तर दोनने, .३३ किंवा .६७ आला तर तीनने, .२५ किंवा .७५ आला तर चारने, आणि .२, .४, .६ किंवा .८ आला तर पाचने सर्व आकडे गुणावेत. .०२ किंवा .९८ असा आकडा पूर्णांक समजायला हरकत नाही. .१ किंवा .९ च्या आसपासचा आकडा मात्र डोळे झाकून पूर्णांक करू नये. तो बहुतेक वेळा मोजणीतील दोष किंवा अशुद्ध नमुना दाखवत असतो. मधल्या पायऱ्यांत किमान चार सार्थक अंक ठेवावेत आणि आकडे शेवटच्या पायरीपर्यंत तोडू नयेत, कारण वजाबाकीत तोडलेला अंक पुढे भागाकारात मोठा होऊन परत येतो.

हरवलेले वजन कोणाच्या खात्यावर जाते

ऑक्सिजन वजाबाकीने येतो, याचा अर्थ प्रयोगात जे जे हरवते ते सगळे ऑक्सिजनच्या खात्यावर जमा होते. डबीत बंद करण्यापूर्वी थोडा द्रव उडून गेला, तर तो जळलाच नाही, पण नमुन्याच्या वजनात मात्र मोजला गेला; गणित त्याला ऑक्सिजन म्हणेल. आपल्याकडे वैशाखात खोलीचे तापमान चाळिशीच्या वर सहज जाते, तेव्हा केळीच्या वासाच्या एस्टरसारखा द्रव उघड्या पात्रात तोलणे म्हणजे आकडे हाताने बिघडवणे होय. असे द्रव बंद काचेच्या किंवा धातूच्या डबीतच तोलावेत. नमुना जळून मागे राख राहिली, तर तिचे वजनही ऑक्सिजनमध्येच धरले जाते.

हे किती महागात पडते ते आकड्यांनी पाहू. वरच्याच उदाहरणात सोडा लाइम जुनी झाल्यामुळे दहा मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड निसटला आणि ०.५९१० ऐवजी ०.५८१० ग्रॅम नोंदला गेला असे समजा. कार्बन ०.१५८५७ ग्रॅम होईल आणि ऑक्सिजन वाढून ०.०६४२९ ग्रॅम होईल. कार्बन कमी होतो आणि ज्याने त्याला भागायचे तो ऑक्सिजन वाढतो, म्हणजे मार दुहेरी बसतो, प्रमाण ३.२९ : ६.७० : १ असे येते. ३.२९ हा ३.३३ च्या जवळ दिसतो, म्हणून विद्यार्थी तीनने गुणतो आणि ९.८६, २०.१ आणि ३ मिळवून सी१०एच२०ओ३ लिहितो.

आता उलट तपासणी केली तर ती वाचवेल, असे वाटेल. सी१०एच२०ओ३ मध्ये कार्बन ६३.८० आणि हायड्रोजन १०.७१ टक्के असतो. चुकलेल्या मोजणीत कार्बन ६३.४३ आणि हायड्रोजन १०.८६ टक्के आला आहे. दोन्ही फरक ०.४ टक्क्यांच्या आत आहेत. तपासणी पार पडली आणि तरीही सूत्र खोटे आहे. अशा वेळी दोनच गोष्टी सत्य उघड करतात. एक म्हणजे तीच मोजणी पुन्हा करणे, आणि दुसरी म्हणजे रेणुवस्तुमान स्वतंत्रपणे मोजणे. आपल्या एस्टरचे रेणुवस्तुमान १३० आहे आणि सी१०एच२०ओ३ चे १८८ येते. तिथे हे सूत्र टिकू शकत नाही.

म्हणूनच अनोळखी नमुन्यापूर्वी ओळखीच्या शुद्ध पदार्थाचे ज्वलन करून पाहतात. अ‍ॅसिटॅनिलाइड हा त्यासाठी नेहमी वापरला जाणारा पदार्थ आहे. त्यात कार्बन ७१.०९, हायड्रोजन ६.७१ आणि नायट्रोजन १०.३६ टक्के असतो. हे आकडे बरोबर आले तरच त्या दिवशीच्या यंत्रावर आणि शोषकांवर विश्वास ठेवावा.

कापसाचा ओलावा

कापूस विकायला नेला की व्यापारी आधी हात घालून किंवा यंत्र लावून ओलावा पाहतो आणि ओलावा जास्त निघाला तर भाव उतरतो, हे खानदेशातील प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असते. ओल्या कापसाच्या वजनात पाणी विकले जाते, म्हणून व्यापारी सावध असतो. ज्वलनासाठी नमुना घेणाऱ्याने त्या व्यापाऱ्याइतकेच सावध असले पाहिजे, किंबहुना अधिक, कारण त्याच्या तराजूवर मिलिग्रॅमसुद्धा मोजला जातो.

शुद्ध केलेला शोषक कापूस म्हणजे जवळजवळ पूर्ण सेल्युलोज. सरकी काढलेल्या कच्च्या रुईत मेण, पेक्टिन आणि थोडी प्रथिने असतात, म्हणून ती येथे घेऊ नये. सेल्युलोजचे साधे सूत्र सी६एच१०ओ५ आहे. मोलांना सर्वांत लहान आकड्याने भागल्यावर कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण १.२ : २ : १ येते, आणि वर सांगितल्याप्रमाणे पाचने गुणले की सूत्र मिळते. पूर्ण कोरडा ०.२००० ग्रॅम कापूस जाळला तर ०.३२५७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.११११ ग्रॅम पाणी मिळायला हवे.

आता उघड्यावर ठेवलेला, सात टक्के ओलावा असलेला कापूस तेवढ्याच वजनाचा घेतला असे समजा. साध्या हवेत कापूस एवढे पाणी सहज धरून ठेवतो आणि हाताला तो कोरडाच लागतो. या ०.२००० ग्रॅममध्ये सेल्युलोज ०.१८६० ग्रॅमच आहे आणि ०.०१४० ग्रॅम नुसते पाणी आहे. जळल्यावर कार्बन डायऑक्साइड ०.३०२९ ग्रॅम मिळतो. पाणी ०.११७३ ग्रॅम मिळते, कारण जळून झालेल्या पाण्यात आधीचे पाणीही मिसळते. वरच्याच पायऱ्यांनी गणित केले तर:

कार्बन: ०.०८२६७ ग्रॅम, म्हणजे ०.००६८८३ मोल
हायड्रोजन: ०.०१३१३ ग्रॅम, म्हणजे ०.०१३०३ मोल
ऑक्सिजन: ०.१०४२० ग्रॅम, म्हणजे ०.००६५१३ मोल

प्रमाण येते १.०६ : २.०० : १. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे दोनास एक प्रमाण जराही ढळलेले नाही, कारण पाण्यातही हेच प्रमाण आहे. ओलाव्याने धक्का दिला तो फक्त कार्बनला. आणि १.०६ पाहून कोणाही विद्यार्थ्याचा हात एक लिहायला उचलला जाईल, म्हणजे सूत्र सीएच२ओ होईल. कापूस ग्लुकोजचे सोंग घेऊन उभा राहतो. हे योगायोगाने घडत नाही. सेल्युलोजच्या प्रत्येक सी६एच१०ओ५ घटकात पाण्याचा एक रेणू मिळवला की सी६एच१२ओ६ होते. ओलावा बरोबर दहा टक्के असता तर प्रमाण तंतोतंत १ : २ : १ आले असते, आणि मग ज्वलनाच्या आकड्यांत चूक शोधायला जागाच उरली नसती. ओलावा ही साधी घाण नसते. ती संयुगाला दुसऱ्या खऱ्या संयुगाचा चेहरा देऊ शकते, आणि म्हणून मला ती या कामातील सर्वांत धोकादायक गोष्ट वाटते.

सात टक्क्यांच्या बाबतीत उलट तपासणी मात्र उपयोगी पडते. सीएच२ओ मध्ये कार्बन ४०.०० टक्के असतो, सेल्युलोजमध्ये ४४.४५ टक्के असतो, आणि मोजलेला आकडा ४१.३४ आहे. तो दोघांपैकी कोणाशीही जुळत नाही, आणि अशा वेळी आकडे जवळच्या सूत्राकडे ओढत न बसता नमुनाच संशयाखाली घ्यावा.

वाळवण्याची रीत सोपी आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. नमुना झाकण सैल ठेवलेल्या तोलण्याच्या बाटलीत घालून १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवावा, नंतर झाकण लावून शुष्ककारक असलेल्या डेसिकेटरमध्ये थंड करावा आणि तोलावा. पुन्हा तासभर वाळवून पुन्हा तोलावा. लागोपाठची दोन वजने जुळेपर्यंत हे करत राहावे. गरम बाटली तोलू नये, कारण तिच्याभोवती वर चढणाऱ्या हवेमुळे वजन कमी दिसते. उघडीही तोलू नये, कारण वाळलेला कापूस काही मिनिटांतच हवेतील पाणी परत ओढून घेतो, आणि पावसाळ्यात तर तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत चढताना दिसतो. उष्णतेने विघटन पावणाऱ्या पदार्थांना ही रीत लावू नये. ते निर्वात डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानालाच वाळवावेत.

नायट्रोजन असेल तर

युरियाच्या पोत्यावर ४६ टक्के नत्र असे छापलेले असते. ज्वलनात नायट्रोजनपासून काही नायट्रोजन ऑक्साइडे तयार होतात. तापलेल्या तांब्यावरून नेऊन त्यांचे पुन्हा नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो वायू मोजतात. शुद्ध युरियाच्या अहवालात कार्बन २०.००, हायड्रोजन ६.७१ आणि नायट्रोजन ४६.६५ टक्के असेल, तर उरलेला २६.६४ टक्के ऑक्सिजन. टक्के दिलेले असतील तेव्हा १०० ग्रॅम नमुना समजावा, म्हणजे प्रत्येक टक्का ग्रॅमच होतो. भागाकार केल्यावर कार्बन १.६६५, हायड्रोजन ६.६६, नायट्रोजन ३.३३ आणि ऑक्सिजन १.६६५ मोल येतात, आणि प्रमाण १ : ४ : २ : १ असे स्वच्छ निघते. सूत्र सीएच४एन२ओ.

क्लोरीन किंवा गंधक असलेल्या संयुगांत ती मूलद्रव्ये वेगळी मोजावी लागतात आणि वजाबाकीत त्यांचेही वजन वगळावे लागते. ते विसरले तर क्लोरीनसुद्धा ऑक्सिजनच्या नावावर चढतो. म्हणून गणित सुरू करण्यापूर्वी नमुन्यात कोणती मूलद्रव्ये आहेत, याची गुणात्मक चाचणी झालेली आहे की नाही हे पाहावे.

साध्या सूत्रापासून रेणुसूत्रापर्यंत

मोजलेल्या रेणुवस्तुमानाला साध्या सूत्राच्या वस्तुमानाने भागावे आणि येईल त्या पूर्णांकाने साध्या सूत्रातील प्रत्येक अंक गुणावा. सीएच२ओ चे वस्तुमान ३०.०३ आहे. अ‍ॅसेटिक आम्लाचे ६०.०५ भागिले ३०.०३ म्हणजे दोन, लॅक्टिक आम्लाचे ९०.०८ म्हणजे तीन, ग्लुकोजचे १८०.१६ म्हणजे सहा. आयसोअमाइल अ‍ॅसिटेटच्या बाबतीत उत्तर एक येते, म्हणून त्याचे साधे सूत्र हेच रेणुसूत्र आहे. रेणुवस्तुमान आज बहुधा मास स्पेक्ट्रोमीटरने काढतात. बाष्पघनता किंवा गोठणबिंदूतील घट या जुन्या रीतींनी आलेले उत्तर ढोबळ असले तरी चालते, कारण दोन आणि तीन यांच्यात निवड करायला फार अचूकता लागत नाही. सेल्युलोजच्या साखळ्यांची लांबी एकसारखी नसते, त्यामुळे तिथे आपण सी६एच१०ओ५ या घटकापाशीच थांबतो.

सरावासाठी एक नमुना देतो. ओव्याच्या तेलात थायमॉल नावाचे स्फटिकरूप संयुग असते आणि त्यात कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन एवढेच असतात. ०.१००० ग्रॅम थायमॉलपासून ०.२९३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.०८३९ ग्रॅम पाणी मिळाले. उत्तर सी१०एच१४ओ यायला हवे. ते आल्यावर तेच गणित कार्बन डायऑक्साइडचा आकडा फक्त दोन मिलिग्रॅमने कमी करून, म्हणजे ०.२९१० ग्रॅम घेऊन, पुन्हा करावे. कार्बनचा दहा हा आकडा ९.४५ वर आणि हायड्रोजनचा चौदा १३.३२ वर घसरलेला दिसेल. या संयुगात ऑक्सिजन सुमारे साडेदहा मिलिग्रॅमच आहे, आणि निसटलेल्या दोन मिलिग्रॅम वायूतील अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडा अधिक कार्बन त्याच्यात जाऊन मिळाला आहे.